गाठ मारलेला डबा

आण्णा तीनदा नाही म्हणाले. पहिल्यांदा म्हणाले, गुडघे दुखतात. दुसऱ्यांदा म्हणाले, एसटीत उभं राहावं लागतं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, आपण गाडी करू, तर म्हणाले, "तितं काय हाय आता? मशीनी बघून बघून किती बघायच्या मानसानं?" आणि सकाळीच वाचून संपवलेला पेपर पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, कान शाबूत, दात निम्मे. आई गेल्यापासून ते साताऱ्यात माझ्याकडंच असतात. त्याआधी सारा जन्म त्यांनी तमिळ मुलखातल्या एका गावात गलाईच्या दुकानात काढला. आमच्या विट्याच्या भागात याचं कुणाला नवल नाही. घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढं बसलेला असतो, लोकांचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देतो आणि वर्षातनं एकदा जत्रेला गावी येतो. आण्णाही तसेच यायचे. अकरा महिने ते पोस्टकार्डावर असत आणि एक महिना घरात. त्या महिन्यातही भावकी, शेताचा बांध, पाहुण्यांची लग्नं यांत ते वाटले जायचे. माझ्या वाट्याला एकच दिवस यायचा. त्या दिवशी ते थोरल्या भावांना मागं ठेवून मला एकटीला सिनेमाच्या संग्रहालयात न्यायचे.

संग्रहालय हा शब्द मी आता वापरते. तेव्हा आम्ही त्याला मशीनघर म्हणायचो. विट्याहून कुंडलकडं जाताना एका गावाबाहेर पत्र्याचं लांबलचक शेड होतं. एका टुरिंग टॉकीजच्या मालकानं धंदा बंद झाल्यावर तंबूतलं सगळं सामान तिथं मांडून ठेवलेलं. लोणंदच्या बाजारापासून माणदेशातल्या जत्रांपर्यंत हा तंबू फिरलेला. मालक जैन होते. दिवस बुडायच्या आत जेवण आणि दिवस बुडाल्यावर धंदा, असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांची बायको कधीच वारली होती आणि मुलगा आजोळी वाढत होता, त्यामुळं कुणीही आलं तरी त्यांना आनंद व्हायचा. मला तर ते हाताला धरून सगळं दाखवत. कार्बनच्या कांड्यांवर चालणारा प्रोजेक्टर, चेपलेला भोंगा, आग लागली तर म्हणून ठेवलेल्या वाळूच्या बादल्या, काजळी धरलेल्या काचा. या काचांवर खिळ्यानं अक्षरं कोरून ती पडद्यावर दाखवायची. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या घरी पाहुणे आले, की सिनेमा चालू असताना नायिकेच्या शेजारी ती अक्षरं उमटायची आणि तो माणूस धोतर सावरत तंबूबाहेर पळायचा.

मी आठ-नऊ वर्षांची असताना मला त्या मशीनचा स्क्रू न् स्क्रू पाठ होता. फक्त एक गोष्ट कळायची नाही. सिनेमाच्या घरात सिनेमाच नव्हता. डबे होते, रिळं होती, पण रिळांवर फिल्म नव्हती. "तात्या, शिनेमा कुठाय?" असं मी दर वर्षी विचारायची. मालक म्हणायचे, "फिरायला गेलाय. टुरिंग टॉकीज न्हवं का आपली?"

आण्णा तेव्हा कुठं असायचे? शेडच्या आतल्या टोकाला, काचेच्या कपाटाजवळ उभे. मला वाटायचं, मला मनसोक्त बघता यावं म्हणून ते बाजूला थांबतात. घरी परतताना मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून सबंध वाट बडबड करायची आणि ते मागून 'हां, हां' म्हणायचे. भाऊ चिडवायचे, तू आण्णांची लाडकी. मी ते खरं धरून चालले. लग्न झालं, नोकरी लागली, केस पिकले, तरी धरून चालले. माझ्या बापाला मी आवडते, याचा माझ्याकडं तेवढाच एक पुरावा होता.

गेल्या श्रावणात शाळेत सहलीचं घोडं पुढं ढकलायची जबाबदारी माझ्यावर आली. कुणीतरी म्हणालं, विट्याकडचं ते सिनेमाचं म्युझियम आता छान केलंय, मालकांच्या सूनबाईंनी रंगरंगोटी करून नीट मांडलंय. ते ऐकलं आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. आण्णांना घेऊन जायचं, मशीन त्यांच्यासमोर पुन्हा बघायची, एवढंच डोक्यात. ते तीनदा नाही म्हणाले, तेव्हा मी फुरंगटून एकटीच निघाले.

रहिमतपूर गेलं, पुसेसावळी गेली, आणि माझी चुळबुळ काही थांबेना. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "अवो ताई, एकदा काय त्ये ठरवा की." मला हसू आलं आणि रागही आला. राग आण्णांवरचा होता. आपलं माणूस आपल्याबरोबर आपल्या आवडीच्या जागी यायला नाही म्हणतं, म्हणजे काय?

शेड तेच होतं, पण पत्र्यांना निळा रंग आणि खाली फरशी. सूनबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, चटपटीत. मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा द्राक्षबाग बघतो, ही शेड बघते. "सासऱ्यांनी जपलं, मग आपणच का भंगारात घालायचं?" असं सरळ बोलणं. प्रत्येक वस्तूपुढं तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहून लावली होती. मी मास्तरीण, माझी नजर आधी शुद्धलेखनावर गेली. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती. ती मी सांगितली आणि तिनं मुकाट्यानं पेन आणून दिलं.

मशिनी त्याच होत्या. पण मला त्यांच्यापुढं उभं राहवेना. प्रोजेक्टरपाशी गेले, परत फिरले, काचांपाशी गेले, परत फिरले. लहानपणी जिथं तास न् तास जायचे तिथं पाच मिनिटांत सगळं बघून संपलं, आणि मला रडू यायला लागलं. मग मी आण्णांच्या जागी गेले. आतल्या टोकाला, काचेच्या कपाटाजवळ. म्हटलं, निदान ते कुठं उभे राहायचे तिथं उभं राहून बघू.

कपाटात तिकिटांचं पुस्तक, शिट्टी, कात्री असला बारीकसारीक ऐवज होता. आणि एका वाटीत सुपारीएवढा काळवंडलेला गोळा. पुढं चिठ्ठी: 'मशीनचा सुटा भाग'. लहानपणीही तो तिथंच असायचा; मीही त्याला मशीनचाच समजायची. पण मधल्या काळात मी दोन मोठ्या सुट्ट्या आण्णांच्या दुकानात काढल्या होत्या, भट्टीजवळ बसून. शुद्ध चांदी मुशीत, म्हणजे वितळवायच्या मातीच्या भांड्यात, निवताना वरचा पापुद्रा फुटतो आणि तिथं बारीक फोड येतो. एकदा पाहिला की माणूस तो विसरत नाही. या गोळ्याच्या माथ्यावर तसाच फोड होता. बुडाला मुशीची खरखरीत राख चिकटलेली होती.

"वहिनी, हा मशीनचा भाग नाही. ही गाळलेली चांदी आहे," मी म्हणाले.

"चांदी?" ती हसायला लागली. "आमच्या सासऱ्यांकडं कुठली चांदी? आणि असती तर वाटीत टाकून ठेवली असती का?"

तिला काहीच माहीत नव्हतं, हे उघड होतं. मला मात्र घोडं कुठं पेंड खातंय ते दिसायला लागलं होतं. फिल्म नसलेली रिळं. फिल्मवर चांदी असते, जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तर चांगलीच; फिल्म जाळली की राखेतनं ती काढता येते. गलाईवाल्याच्या घरात हे पोरासोरालाही ठाऊक. आणि दर वर्षी याच कपाटासमोर उभा राहणारा एक गलाईवाला. परतीच्या एसटीत मी जागा असूनही उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी समोर बसले, उठले, पुन्हा बसले. मग एकदम विचारलं, "आण्णा, मालकांची फिल्म तुम्ही जाळली का?"

त्यांचे हात थांबले नाहीत. चार शेंगा सोलून झाल्यावर म्हणाले, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गोळा बघितला."

"वळखलास व्हय," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला क्षणभर चक्क कौतुक ऐकू आलं. मग त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि सांगायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तंबू बंद झाला तेव्हा मालकांकडं जुन्या फिल्मचे ढीगभर डबे उरले होते. फिल्म आंबली होती, वास मारायची, चालवण्याजोगी राहिली नव्हती. मालक म्हणाले, जाळायचीच आहे तर निदान चांदी तरी निघू दे. आण्णा तेव्हा जत्रेला आले होते. त्यांनी बैलगाडीत डबे भरून आमच्या घरामागं आणले. त्यात एक लहान डबा होता, त्याला सुतळीची गाठ मारलेली.

"त्यो ठेवायचा हुता," आण्णा म्हणाले. "म्हणून मालकांनी गाठ मारलेली. ह्यो येगळा, ह्याला हात लावू नगा, असं त्यांच्या मनात. सांगायचं ऱ्हायलं त्यांचं. आन् आमच्या दुकानात गाठ म्हंजे काय? तोलून झालं, आता भट्टीत."

"उघडून बघितलं नाही?"

"बघितलं की." त्यांनी हात पुसले. "उजेडाला धरून बघितली. मालकांची बायको हुती त्यात. आदल्याच साली गेलेली. चुलीम्होरं उभी, हातात पळी उगारलेली. मी वळखली तिला. तवा मला वाटलं, मालकांनी मुद्दाम दिलीया. बायको गेली की लोक तिचं डोरलं फडक्यात गाठ मारून आणत्यात दुकानात. बोलत न्हाईत, रडत न्हाईत, नुस्तं म्होरं ठेवत्यात. आपुन इचारायचं नसतं. दागिना बघायचा न्हाई, धातू बघायचा. आमाला त्येच शिकिवलेलं. म्हटलं, मालकांचं बी तसंच. मी ती पयली भट्टीत घातली, गड्याचं दुक लवकर संपू दे म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते चांदीचा गोळा घेऊन मालकांकडं गेले. मालकांनी विचारलं, गाठीचा डबा कुठाय? आण्णांनी गोळ्याकडं बोट केलं. मालकांनी कोल्हापूरहून एका ओळखीच्या माणसाचा कॅमेरा आणून एकदाच काय ते चित्रण केलं होतं. बायकोचं दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतं, साधा फोटोसुद्धा नाही. ते काही बोलले नाहीत. गोळा वाटीत घालून कपाटात ठेवला आणि आण्णांना ताक दिलं.

माझे डोळे भरून आले होते. पण माझ्या मनाचा हावरटपणा असा, की त्या मेलेल्या बाईपेक्षा, त्या गप्प राहिलेल्या माणसापेक्षा मला माझाच प्रश्न मोठा वाटत होता. मी तो विचारलाच. "मग दर वर्षी मला कशाला न्यायचात?"

खोटं बोलायला आण्णांना जमलं असतं. मी वाटही बघत होते त्याची.

"एकट्यानं जायचं धाडस न्हवतं," ते म्हणाले. "न जाऊन बी करमायचं न्हाई. लेकरू संगं असलं की मानूस काय बोलत न्हाई गं."

म्हणजे मी ढाल होते. भावांना मागं ठेवून मला न्यायचे, कारण मी धाकटी होते, मी बडबडी होते, माझ्यापुढं मालकांना शिवी आठवली नसती. चाळीस वर्षं जो दिवस मी माझा म्हणून मिरवला, त्यात मी कुठं नव्हतेच. मी उठले आणि भांडी आपटत घासायला लागले. घासलेली भांडी पुन्हा घासली. नवऱ्यानं डोकावून पाहिलं आणि शहाण्यासारखा परत गेला. चार दिवस मी आण्णांशी जेवणापुरतं बोलले. शाळेत पोरांना विनाकारण झापलं. राग नेमका कशाचा, हे स्वतःला सांगता येईना. त्यांनी खरं सांगितलं याचा जास्त होता, असं आज वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी आण्णा धुतलेली टोपी घालून दाराशी उभे. "गाडी करणार हुतीस न्हवं? कर."

"कशाला?"

"सांगायचं ऱ्हायलंय. मालकांना सांगितलं न्हाई कवा, की मी बघून जाळली. त्यांना वाटलं, न बघता गेली. आता ऱ्हायलाय त्यांचा पोरगा."

वाटेत मी दोनदा गाडी थांबवायला लावली, एकदा पाण्यासाठी आणि एकदा उगाच. मला भीती वाटत होती. तो मुलगा आता पन्नाशीचा बाप्या; तो म्हाताऱ्याला वेडंवाकडं बोलला तर मी काय करणार होते? या खेपेला मागं लपायला लेकरू नव्हतं. होती ती केस पिकलेली मुलगी, तीही रुसलेली.

सूनबाईंनी बागेत फोन लावून नवऱ्याला बोलावून घेतलं. तो आला, हात धुऊन बसला. आण्णांनी त्याला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, एक अक्षर कमी न करता. गाठीचं सांगितलं, आणि उजेडाला धरून बघितल्याचंही. शेवटी म्हणाले, "चूक माझी हाय. मी इचारायला पायजे हुतं."

मी उठून उभी राहिले होते, आण्णांना घेऊन निघायच्या तयारीनं. मग तो माणूस म्हणाला, "आवं, तुमी बघितली म्हणता. कशी हुती?"

"कोण?"

"माझी आई. मी चार वर्साचा हुतो. मला तोंड आठवत न्हाई तिचं."

आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. उंच होती. नाकात मोरणी. पदर खोचलेला. मागं तंबूच्या दोऱ्या ताणलेल्या आणि ऊन कलतीला लागलेलं. नवरा कॅमेरा घेऊन खेळतोय आणि जेवायला येत नाही म्हणून ती पळी उगारून रागावतीय, आणि रागावता रागावता तिला हसू फुटतंय. "दात म्होरं हुते जरा, तुज्यावानी," आण्णा म्हणाले. त्या माणसानं नकळत ओठांवर हात नेला. सूनबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. "आन् म्होरं?" त्यानं विचारलं. आण्णांनी आठवून आठवून आणखी सांगितलं. एक बारकं पोर तिच्या लुगड्याला धरून उभं होतं, म्हणाले. ते हललेलं होतं, त्याचं तोंड काय दिसलं नाही. तो माणूस "मी हुतो ते," म्हणाला आणि उठून पाण्याच्या माठाकडं गेला. तिथं तो पाठमोरा उभा राहिला. सूनबाई त्याच्यामागं गेली.

शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. आण्णा थकलेले दिसत होते. मला वाटलं, आता म्हणतील, चल. पण ते उठले आणि कपाटाकडं न जाता शेडच्या मधोमध, मोठ्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या पत्र्याला हात लावून बघितला, मागं वाकून बघितलं, भिंगात डोकावलं. इतकी वर्षं येऊन त्यांनी ती कधी पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"हे चाक कशाला गं?" त्यांनी विचारलं.

मला राग होता. तो अजून गेला नव्हता, आणि पुढंही पुरता जाईल असं वाटत नाही. पण मी त्यांच्याजवळ गेले.

"त्याच्यावर भरलेलं रीळ बसतं, आण्णा," मी म्हणाले. "तिथनं फिल्म खाली येते. थांबा, सुरुवातीपासनं सांगते."

"सांग," ते म्हणाले. "घाई न्हाई."